केटरिंगची विक्री : शिक्षण कोणते, उमेदवारी किती?

मेजवान्या, परिषदा, विवाह आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांच्या अन्नसेवेची मागणी मिळवणे, ग्राहकाशी बोलून तिचा तपशील व किंमत ठरवणे आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्या ठरावाची काळजी वाहणे, हे केटरिंगच्या विक्री विभागाचे काम असते. या कामासाठी नेमके काय शिकावे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण यंदा पूर्ण होत आहे. केटरिंगच्या विक्री विभागात काम करायचे हे मी ठरवले आहे. त्यासाठी हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यावी, की वाणिज्य शाखेतून पदवीधर होऊन मार्केटिंगचा अभ्यास करावा?

उत्तर : दोन्ही मार्गांनी या क्षेत्रात आलेली माणसे चांगले काम करताना दिसतात, तरीही आपला निश्चय पक्का असेल तर आपण हॉटेल मॅनेजमेंटकडे वळावे, असे आमचे मत आहे. विक्री विभागातील माणूस ग्राहकाला जो शब्द देतो, तो प्रत्यक्षात स्वयंपाकघराने, वाढप्यांनी आणि सामान लावणाऱ्या माणसांनी पाळायचा असतो. त्यांचे काम ज्याने स्वतः काही महिने तरी केलेले नाही, त्याला कोणता शब्द द्यावा आणि कोणता देऊ नये याचा अंदाज येणे फार कठीण जाते. 1893 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या लोझानच्या हॉटेल विद्यालयाची ख्याती वर्गातील अभ्यासाइतकीच हाताने करून शिकण्यावर उभी आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात 1922 पासून हॉटेल व्यवस्थापन शिकवले जाते आणि तेथे विद्यार्थ्यांना काम शिकता यावे म्हणून आवारातच हॉटेल चालवले जाते. संस्था लहान असो वा मोठी, प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी : स्वयंपाकघरात आणि बँक्वेटमध्ये, म्हणजे मेजवान्यांच्या सेवा विभागात, प्रत्यक्ष किती आठवडे काम करावे लागते, अन्नखर्चाचे नियंत्रण हा स्वतंत्र विषय आहे का, आणि विद्यार्थ्यांना एखादा पूर्ण कार्यक्रम कोटेशनपासून अंतिम बिलापर्यंत स्वतः करावा लागतो का. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ती संस्था विक्रीच्या दृष्टीने अधिक उपयोगाची समजावी.

काही कारणाने आपण वाणिज्य शाखाच निवडली, तर हिशेबशास्त्र, करारविषयक कायदा आणि व्यावसायिक लेखन हे विषय मनापासून शिकावेत, कारण पुढे त्यांचा रोज उपयोग होतो. त्यासोबत सुट्टीच्या दिवशी एखाद्या केटररकडे वाढपी म्हणून काम करावे. हंगामात जादा माणसांची गरज सर्वांनाच असते, त्यामुळे असे काम मिळणे अवघड जात नाही.

प्रश्न : मी बऱ्याच वर्षांपासून विमा विकतो. ग्राहकाशी बोलणे, पाठपुरावा करणे आणि व्यवहार पूर्ण करणे मला जमते. आता एका मोठ्या केटरिंग कंपनीत विक्रीची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. माझ्याकडे कशाची कमतरता राहील?

उत्तर : आपल्याकडे जे आहे ते मोलाचे आहे, त्याविषयी शंका नसावी. मात्र विम्याची पॉलिसी कंपनीने आधीच ठरवलेली असते आणि विक्रेता ती समजावून सांगतो. केटरिंगमध्ये प्रत्येक कार्यक्रमाची वस्तू नव्याने तयार होते, आणि ती कशी असेल, तिला किती खर्च येईल हे बऱ्याच अंशी विक्रेत्याच्या टेबलावरच ठरते. म्हणून आपल्याला दोन गोष्टी मुळापासून शिकाव्या लागतील. पहिली म्हणजे खर्चाचे गणित आणि दुसरी म्हणजे फंक्शन शीट, म्हणजे कार्यक्रमाचा सगळा तपशील सर्व विभागांना कळवणारा कागद, लिहिणे.

खर्चाच्या गणितात सर्वाधिक चुका एकाच जागी होतात. समजा, एका ताटाचा सर्व खर्च 60 आहे आणि विक्रीवर 40 टक्के नफा मिळवायचा आहे. नवा माणूस 60 मध्ये त्याचे 40 टक्के मिळवून 84 ही किंमत सांगतो. परंतु 84 मध्ये नफा फक्त 24 आहे, म्हणजे विक्रीच्या सुमारे 28.6 टक्के. खरे गणित 60 भागिले 0.60 असे असून किंमत 100 येते. नफा खर्चावर मोजला आहे की विक्रीवर, हे स्पष्ट न विचारता कोटेशन देणारा विक्रेता प्रत्येक कार्यक्रमात कंपनीचे नुकसान करत असतो, आणि वर्षअखेरीपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

सवलतीचेही तसेच आहे. किंमत 100, एकूण खर्च 80 आणि नफा 20 असताना ग्राहकाने 10 टक्के सवलत मागितली, तर ती ऐकायला लहान वाटते, पण तिच्यात अर्धा नफा जातो. अनुभवी विक्रेता अशा वेळी किंमत कमी करण्याऐवजी मेन्यूतील एखादा महागडा पदार्थ बदलतो, वाढण्याची पद्धत सोपी करतो, किंवा मागणी कमी असलेला वार सुचवतो. हे सुचवता येण्यासाठी कोणत्या गोष्टीला किती खर्च येतो हे त्याला पाठ असावे लागते. कच्च्या मालाची खरेदी आणि प्रत्यक्ष वापर यांतील फरकही समजून घ्यावा. निवडून, सोलून, साफ करून 10 किलोपैकी 8 किलोच हाती लागत असेल, तर त्या वस्तूचा खरा दर खरेदीच्या दराच्या सव्वापट होतो. शेफकडे बसून दोन-चार पदार्थांचा असा हिशेब स्वतः मांडून पाहिल्याखेरीज ही गोष्ट अंगवळणी पडत नाही.

आता फंक्शन शीटविषयी. कोणी त्याला बँक्वेट इव्हेंट ऑर्डर म्हणतात, कोणी फंक्शन प्रॉस्पेक्टस. ग्राहकाशी झालेली सगळी बोलणी या कागदावर उतरतात आणि स्वयंपाकघर, सेवा, भांडार, सजावट, ध्वनिव्यवस्था व लेखा विभाग याच कागदावर विसंबून काम करतात. कार्यक्रमाच्या दिवशी विक्रेता त्यांच्यापैकी कोणाजवळही उभा नसतो, म्हणून कागद स्वतःच पुरेसा बोलका हवा. ‘जेवण रात्री 8 वाजता’ अशी ओळ पाहा. 8 वाजता पाहुण्यांना आत बोलवायचे, पहिला पदार्थ वाढायचा, की भाषणे सुरू व्हायची? शेफ त्याचा एक अर्थ लावतो, वाढप्यांवर देखरेख करणारा बँक्वेट कॅप्टन दुसरा. तीच ओळ ‘7.45 ला दारे उघडणे, 8.00 ला यजमानांचे 10 मिनिटांचे भाषण, या वेळेत वाढप बंद, 8.10 ला पहिला पदार्थ टेबलावर’ अशी लिहिली, तर गरम अन्न केव्हा बाहेर काढायचे हे शेफला विचारावे लागत नाही. पथ्य किंवा ॲलर्जी असलेले पाहुणे कोणत्या टेबलावर बसणार आहेत, निर्णय घेण्याचा अधिकार यजमानांपैकी कोणाला आहे, अंतिम बिलावर सही कोण करणार, जादा पाहुणे आले तर त्यांचा दर कोणता, हेही त्याच कागदावर असावे.

पाहुण्यांच्या संख्येचा मुद्दा मात्र फंक्शन शीटच्या आधी, करारातच मिटवावा लागतो. चौकशीच्या वेळची संख्या, करारातील किमान संख्या आणि कार्यक्रमाच्या सुमारे 72 तास आधी ग्राहकाने कळवायची अंतिम संख्या या तिन्ही वेगळ्या असतात. अंतिम संख्येला हमी मानतात. प्रत्यक्षात कमी लोक आले तरी बिल त्या संख्येचे होते, आणि स्वयंपाकघर त्याहून साधारण 3 ते 5 टक्के अधिक तयारी ठेवते. हे ग्राहकाला सुरुवातीलाच, ॲडव्हान्स घेण्यापूर्वी आणि शांत शब्दांत सांगावे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बिलावर सांगितलेला नियम त्याला फसवणूकच वाटते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात त्याचे चुकतही नाही.

प्रश्न : मी बँक्वेटमध्ये वाढपी म्हणून लागलो आणि आता कॅप्टन आहे. माझ्याकडे पदवी नाही. विक्री विभागात जाता येईल का, की आधी शिक्षण पूर्ण करावे?

उत्तर : जाता येईल, आणि नोकरी सोडून शिकण्याची गरज नाही. आधीच्या प्रश्नातील वाचकांना जे शिकण्यासाठी बराच काळ द्यावा लागेल, ते आपल्याला अनुभवाने आलेले आहे. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती 8 ते 10 माणसे बसतात, हे पुस्तकातही लिहिलेले असते. पण 10 खुर्च्या लावल्यावर वाढप्याचा हात दोन पाहुण्यांमधून जात नाही, हे आपण रोज पाहता. खुर्च्यांच्या रांगा लावून सभेसाठी जेवढी माणसे एका हॉलमध्ये मावतात, त्याच्या साधारण निम्मीच माणसे गोल टेबलांवर जेवायला बसवता येतात, आणि त्यातून मंच, नृत्यासाठीची जागा व सेवेची वाट वजा करावी लागते. ग्राहकाला हॉल दाखवताना हे ज्ञान विक्रेत्याच्या कामी येते.

रिकामा हॉल पाहायला आलेल्या ग्राहकासोबत काय होते ते आपण एकदा जवळून पाहावे. विक्री विभागातील वरिष्ठांची परवानगी काढून अशा भेटीच्या वेळी मागे उभे राहावे. ग्राहक छताकडे, पडद्यांकडे पाहत असतो. चांगली विक्रेती त्याला दाराशी उभे करून विचारते की, पाहुणे कोठून आत येतील, त्यांच्यात वयस्कर किती, मंचावर किती वेळ कार्यक्रम चालेल. मग ती चालत जाऊन पहिल्या टेबलाची जागा दाखवते, सेवेचा दरवाजा कोणता ते सांगते, आणि त्या दरवाजापाशी मानाचे टेबल नको असे सुचवते. एवढ्या बोलण्यात कोटेशनचा निम्मा मजकूर तिच्या वहीत उतरलेला असतो. हे आपणही करू शकाल, कारण त्या दरवाजातून होणारी ये-जा आपल्याइतकी तिलाही माहीत नाही.

आपल्याला कमी पडेल ते लेखन आणि आकडेमोड. त्यासाठी बँक्वेट समन्वयक किंवा सेल्स कोऑर्डिनेटर या पदाची मागणी करावी. या पदावरील माणूस चौकशांची नोंद ठेवतो, कोटेशन व फंक्शन शीट तयार करतो, बदल सर्व विभागांना कळवतो आणि वेळ येताच स्वतःचे लहान कार्यक्रम सांभाळू लागतो. तेथून सेल्स एक्झिक्युटिव्ह आणि पुढे केटरिंग सेल्स मॅनेजर अशी वाट जाते. सोबतीला संगणकावरील तक्तापत्रके (स्प्रेडशीट), व्यावसायिक पत्रलेखन आणि प्राथमिक हिशेब यांचे संध्याकाळचे वर्ग करावेत. पदवी हवीच असेल तर ती दूरशिक्षणाने सावकाश घ्यावी. मोठ्या हॉटेलसमूहांत वरच्या पदांसाठी ती मागितली जाते, म्हणून तिचा उपयोग आहे. मात्र पहिली पायरी चढण्यासाठी तिच्यावर अडून बसू नये.

प्रश्न : या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे घेण्यासारखी आहेत का? नोकरी मिळण्यापूर्वी घ्यावीत की नंतर?

उत्तर : नंतर. केटरिंगसाठी अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन फॉर केटरिंग अँड इव्हेंट्स या संघटनेचे ‘सीपीसीई’ आणि परिषदा व संमेलनांच्या नियोजनासाठी इव्हेंट्स इंडस्ट्री काउन्सिलचे ‘सीएमपी’ ही दोन प्रमाणपत्रे अधिक ओळखली जातात. सीएमपी 1985 पासून दिले जाते. त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी काही वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ही दोन्ही प्रमाणपत्रे अनुभवी माणसांसाठी आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे. नवख्या माणसाने त्यांचा अभ्यासक्रम मात्र जरूर वाचावा, कारण करार, अर्थसंकल्प, जोखीम, खानपान अशी विषयांची यादी समोर आली की आपण कशात कच्चे आहोत हे कळते. काही तासांत घरबसल्या मिळणारी, ‘तज्ज्ञ’ अशी बिरुदे देणारी प्रमाणपत्रे पैसे देऊन घेऊ नयेत. मुलाखत घेणाऱ्यावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

प्रश्न : विक्रीच्या माणसाला अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण कशासाठी? ती जबाबदारी शेफची नाही का?

उत्तर : शिजवण्याची जबाबदारी शेफची असते, पण धोका पुष्कळदा विक्रेत्याच्या टेबलावर जन्माला येतो. जेवण दोन तास उशिरा घ्यायचे, अन्न उघड्या मैदानावर मांडायचे, उरलेले बांधून द्यायचे, असे शब्द ग्राहकाला विक्रेताच देतो. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, हे ज्याला ठाऊक आहे तो असा शब्द देण्यापूर्वी शेफला विचारतो. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ मोहिमांसाठी अन्न तयार करताना आकाराला आलेली ‘हॅसप’ ही, अन्नाला धोका कोठे आहे हे आधीच ओळखून तेथे नियंत्रण ठेवण्याची पद्धत आज जगभर शिकवली जाते. तिचा प्राथमिक वर्ग विक्री विभागातील प्रत्येकाने करावा, तो फार लांबलचक नसतो.

ॲलर्जीच्या बाबतीत तर हयगय चालतच नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते, आणि हा नियम डिसेंबर 2014 पासून लागू आहे. अमेरिकेच्या कायद्यातील प्रमुख घटकांच्या यादीत 2023 पासून तीळ हा नववा घटक आला. आपण जेथे काम करणार तेथील यादी पाठ करावी. ‘या पदार्थात शेंगदाणे नाहीत ना?’ या प्रश्नाला विक्रेत्याने अंदाजाने कधीही उत्तर देऊ नये. स्वयंपाकघराकडून लेखी माहिती घेऊनच बोलावे. येथे एका चुकीच्या ‘नाही’मुळे माणसाच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न : माझ्या मुलीला या कामाची ओढ आहे, पण ती स्वभावाने अबोल आहे. विक्रीत बोलके लोकच टिकतात, असे सगळे सांगतात. तिला परावृत्त करावे का?

उत्तर : मुळीच करू नये. कार्यक्रम ठरवायला येणारा ग्राहक बहुतेक वेळा काळजीत असतो. त्याला आपले सांगणे कोणीतरी नीट ऐकून घ्यावे असे वाटते. फार बोलणारा विक्रेता पहिल्या दहा मिनिटांतच मेन्यू पुढे सरकवतो आणि कार्यक्रम कशासाठी आहे हे विचारायचे विसरून जातो. आपली मुलगी ऐकून टिपून ठेवत असेल, दिलेल्या वेळी उत्तर पाठवत असेल आणि ‘हे आम्हाला जमणार नाही’ असे नम्रपणे सांगू शकत असेल, तर तिच्याकडे पुन्हा येणारे ग्राहक पुष्कळ असतील. एका गोष्टीचा सराव तिने जरूर करावा : पैशांविषयी न संकोचता बोलण्याचा. अबोल माणसे किंमत सांगताना आवाज खाली घेतात, आणि ग्राहकाला तो घासाघीस सुरू करण्याचा इशारा वाटतो. घरी आपण ग्राहक होऊन तिच्याकडून हे पुनःपुन्हा वदवून घ्यावे.

प्रश्न : संगणकाच्या कोणत्या प्रणाली शिकाव्यात?

उत्तर : हॉटेलांत डेल्फी आणि स्वतंत्र केटररांकडे केटरीज यांसारख्या प्रणाली वापरतात, बसण्याची रचना आखण्यासाठीही वेगळी साधने असतात. नोकरीच्या ठिकाणी यांतील जे असेल ते शिकवले जाते. आधी तक्तापत्रकावर चांगली हुकूमत मिळवावी. पाहुण्यांची संख्या बदलताच अन्नाचा खर्च, वाढप्यांची संख्या आणि एकूण किंमत आपोआप बदलेल असे कोष्टक स्वतः तयार करता आले, म्हणजे कोणतीही प्रणाली चटकन समजते. टेबलावर वाढायचे असेल तर साधारण 15 ते 20 पाहुण्यांमागे एक आणि बुफे असेल तर 25 ते 30 पाहुण्यांमागे एक वाढपी, असे ढोबळ प्रमाण धरून सुरुवात करावी.

प्रश्न : पुढील महिन्यात एका केटरिंग कंपनीत माझी मुलाखत आहे. अनुभव नाही. सोबत काय न्यावे?

उत्तर : एका काल्पनिक कार्यक्रमाची पूर्ण फाइल न्यावी. 150 पाहुण्यांची, दिवसभराची परिषद धरावी : सकाळचा चहा, दुपारचे जेवण, दोन मध्यंतरे. तिचे एक पानी कोटेशन, खर्चाचे कोष्टक, बसण्याचा आराखडा आणि फंक्शन शीट, असे चार कागद पुरेत. त्याशिवाय पाहुणे ऐन वेळी 150 वरून 120 वर आले तर कोणते खर्च कमी होतील आणि कोणते तसेच राहतील, याचे टिपण जोडावे. अन्नाचा खर्च बराचसा घटतो, हॉलचे भाडे आणि ध्वनिव्यवस्था घटत नाही, वाढप्यांचे काय होते ते आपल्या कोष्टकातून दाखवावे. ओळखीच्या एखाद्या शेफकडून किंवा बँक्वेट कॅप्टनकडून हे कागद तपासून घेण्यास हरकत नाही, पण सर्व आकडे आपण स्वतः मांडलेले असावेत, कारण मुलाखत घेणारी व्यक्ती त्यांतील एखाद्यावर बोट ठेवून तो कसा आला हे विचारणारच.